क्रुसाचं वळण आणि चौदा फूट

नंदाखालच्या काशिनाथ राऊताला पन्नाशी उलटेपर्यंत अवघड प्रश्न असा कुणी विचारला नव्हता. केळीला पाणी कधी सोडायचं, नारळ कधी उतरवायचे, याची उत्तरं बापाने देऊन ठेवली होती आणि बापाला त्याच्या बापाने. त्यामुळे गोखिवऱ्याच्या तुळशीदास मिस्त्रीने वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून, "बोला काशिनाथभाऊ, ट्रेलर किती फुटी? दहा की चौदा?" असं विचारलं, तेव्हा काशिनाथने आधी टोपी काढली.

"मधला नाय का?"

"मधला कशाला? ज्याला ठरवता येत नाही तो बारा म्हणतो. नि मग दोन्ही बाजूंनी रडतो."

मिस्त्रीच्या मागे कुणाचा तरी चौदा फुटी ट्रेलर उलटा करून ठेवला होता. चाकं आभाळाकडे, पोट उघडं. काशिनाथ त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. देवळात मारतो तशीच मारली, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. एवढं लोखंड एका जागी त्याने याआधी फक्त रेल्वेच्या पुलाला पाहिलं होतं.

"शनिवारी सांगतो," तो म्हणाला.

"शनिवारी नक्की सांगा. सोमवारी मी पत्रा कापतो. कापलेला पत्रा वाढत नाही."

एसटीत बसल्यावर काशिनाथने खिडकीतून दहा फूट किती आणि चौदा फूट किती हे रस्त्यावर मोजायचा प्रयत्न केला. पण एसटी चालू होती.

साल एकोणऐंशी. राऊतांची वाडी नंदाखालला, पण भाताचं शेत गावाच्या पूर्वेला, नाळेपलीकडे. नाळ म्हणजे खाडीची एक शेपटी. भरतीला तिच्यात पुरुषभर पाणी चढतं, ओहोटीला उतरतं. शेत खाऱ्या जमिनीचं. जमीन अशी की तिच्यावर खळं करावं तर ती खालून घामेजते आणि भात मिठाळतं. म्हणून कापलेलं भात तिथे झोडत नसत. ओंब्यांसकट भारे बांधून घरच्या अंगणात आणत आणि इथे झोडत. शंभराला दोन कमी, असे अठ्ठ्याण्णव भारे. दरवर्षी कमीजास्त तेवढेच.

ते आणायचे दोन रस्ते. एक बैलगाडीचा, नाळेतल्या दगडी उतारावरून. तो उतार फक्त अमावास्या-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला कोरडा पडे, तोही तीनेक तास. एरवी ओहोटीलाही गुडघाभर पाणी आणि खाली चिखल. दुसरा रस्ता बांधावरचा. तो बाराही महिने कोरडा, पण रुंदीला एका माणसाचा. त्या रस्त्याने भारे डोक्यावरून येत. डोकं त्याच्या बायकोचं, अनसूयेचं.

गाडी जमेल तेवढं आणी, उरलेलं अनसूया आणी. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि कुणी तिला नको म्हटलं नव्हतं. अलीकडे तिला मागे बघायचं असलं की मान वळत नसे, ती सगळीच वळे, दाराची फळी वळते तशी. गेल्या श्रावणात तिच्या हातातून तांब्या पडला आणि तिला कळलंच नाही की हात रिकामा झाला. वसईच्या डॉक्टरने फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "बाई, यापुढे डोक्यावर पदर सोडून काही घ्यायचं नाही. आणखी एक हंगाम काढलात तर हात उचलणार नाहीत."

अनसूया घरी आल्यावर म्हणाली, "चांगला होता डॉक्टर. पन तो भात कसा खातो ते विचारायचं राहिलं."

त्याच पावसाळ्यात बैलांपैकी एक गेला आणि दुसरा एकट्याने काही ओढेना. शेजारच्या लुईसने मात्र नवा ट्रॅक्टर घेतला होता. लुईस म्हणाला, "ट्रेलर तू कर, ट्रॅक्टर माजा. पन कार्तिकी अमावास्येच्या सकाळी एकच खेप मारीन. दुपारी मला अर्नाळ्याला जायचं हाय, तिकडच्यांना शब्द दिलाय."

एक खेप. ट्रेलरच्या एका फुटात सात भारे, रचून, दोर आवळून. दहा फुटीत सत्तर. चौदा फुटीत अठ्ठ्याण्णव.

दहा म्हटलं तर अठ्ठावीस भारे शेतात राहतील. ते तिथे एक रात्रही राहणार नाहीत, हे काशिनाथला माहीत होतं. कुणाला न सांगता बांधावरून घरी येतील.

मग चौदा का नाही? चौदा फुटी नाळेतून येईल, गावातून येईल आणि घरापासून दोनशे पावलांवर क्रुसाच्या वळणाला अडेल. तिथे गल्ली काटकोनात वळते. आतल्या कोपऱ्याला क्रुसाचा चौथरा, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. बाहेरच्या बाजूला लुईसची विहीर. रहाट काढून त्याने पंप बसवला होता, पण बांधणी आजोबाच्या वेळची, कठडा मांडीइतका. मध्ये रस्ता सव्वाआठ फूट.

काशिनाथचा धाकटा भाऊ हरिश्चंद्र शाळेत गणित शिकवी. त्याने कागदावर गल्ली काढली, ट्रेलर काढला, वळवला आणि म्हणाला, "दादा, कागदावर अडतो. पन कागद सपाट असतो."

"गल्ली कशी असते?"

"प्रात्यक्षिक करू."

शुक्रवारी सकाळी प्रात्यक्षिक झालं. बांबूंची चौकट बांधली, चौदा लांब, सहा रुंद. उचलायला आठ जण आले. चार हिंदू, चार ख्रिस्ती, आणि सगळ्यांत पुढे सॅन्टन, ज्याच्या खांद्याशिवाय गावात कुठलीही गोष्ट खांद्यावरून जात नसे. चौकट खांद्यावर घेऊन मंडळी गल्लीला लागली, तशी म्हातारी बेटी ओट्यावरून उठून उभी राहिली, क्रुसाची खूण केली आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेला रे?"

"कोनी नाय गं मावशी. ट्रेलर हाय."

"कुटला आजार म्हनायचा हा?"

हरिश्चंद्राला आठवलं की ट्रेलरची चाकं जमिनीवर असतात, खांद्यावर नसतात. त्याने चौकट गुडघ्यापर्यंत खाली घ्यायला लावली. आठ जण वाकून, कण्हत, वळणाला आले. काशिनाथ चौथऱ्यापाशी उकिडवा बसला. आणि चौदा फुटांची चौकट क्रुसाला न शिवता, विहिरीला न शिवता, पाण्यासारखी वळली.

सॅन्टनने कपाळाचा घाम निपटला. हरिश्चंद्राने कागद फाडला आणि "सिद्ध झालं" असं वर्गात म्हणतो तसं म्हणाला.

"चौदा," काशिनाथ म्हणाला. "आताच्या एसटीने जातो."

"अवो," अनसूया मागून म्हणाली. ती हातात चहाची किटली घेऊन चौकटीमागून आली होती. "मानसं तिरकी चालली."

"कोन तिरकी चालली?"

"सगलीच. वळनाला आली नि खेकड्यासारखी आडवी झाली. चैतात पालखी नेतात तशी. मे महिन्यात मरियाबायची मूर्ती नेतात तशी." ती किटली खाली ठेवून सबंध वळली आणि लुईसच्या ट्रॅक्टरकडे बोट केलं. "चाकं आडवी चालतात काय?"

सॅन्टन आपल्या पायांकडे बघू लागला. तीस वर्षं त्या वळणाला देव वळवून वळवून त्या पायांना आपोआप सवय लागली होती आणि आज त्यांनी, काही वाईट हेतू नसताना, ट्रेलरसुद्धा देवासारखा वळवला होता. आठ जणांपैकी कुणालाही आपण आडवं चाललो हे आठवत नव्हतं. पुन्हा चालून पाहिलं. पुन्हा आडवे चालले. हरिश्चंद्राने "सरळ चाला" म्हणून दम भरला, तेव्हा दोघं जण चौथऱ्यावर आपटले आणि एकाची लुंगी बांबूत गेली.

हरिश्चंद्र फाटलेला कागद जुळवत बसला.

दुपारी बैलगाडीचा आस आणि दोन चाकं गोठ्यातून काढली. बांबूंच्या चौकटीखाली, मिस्त्रीच्या ट्रेलरला असतात तशी बरीच मागे बांधली. पुढे दांडी लावून लुईसच्या ट्रॅक्टरला जोडली. लुईस गॉगल लावून बसला. त्याची बायको एमिली विहिरीपाशी येऊन म्हणाली, "विहिरीत पडलास तर पंप बंद करून मग पड."

ट्रॅक्टर वळला. चाकं वळली नाहीत. ती आपली सरळ कोपरा कापत आली आणि आतलं चाक चौथऱ्याला टेकून कचकन थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मग चौकट कापून, म्हणजे बांबू सोडून आखूड करून, दहा फूट केली. दहा फूट गेली. तीनदा नेली, तीनदा गेली.

"मंग दहा," लुईस म्हणाला आणि गॉगल काढला. "काय करनार! क्रूस काय सरकनार नाय."

"दहा," हरिश्चंद्र म्हणाला.

काशिनाथने अनसूयेकडे पाहिलं. ती कपबश्या गोळा करत होती. दहा म्हटल्याबरोबर तिने मानेला एक बारीक झटका दिला, दोन्हीकडे, जरा जरा. काम सुरू करायच्या आधी पैलवान देतो तसा. तिला वाटलं कुणी पाहिलं नाही.

त्या झटक्याने काशिनाथला जी लाज वाटली तशी त्याला चारचौघांत धोतर सुटलं तेव्हाही वाटली नव्हती. तो चौकटीजवळ गेला आणि सोडलेले बांबू पुन्हा बांधू लागला.

"दादा, झालं ना आता," हरिश्चंद्र म्हणाला.

"नाय झालं."

"गणिताने—"

"तुजं गणित तिला सांग. अठ्ठावीस भारे म्हनजे किती ते तिची मान सांगेल तुला."

अनसूयेने कपबश्या एमिलीच्या कठड्यावर ठेवल्या आणि चौकटीच्या मागच्या टोकाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ चाकांकडे पाहत राहिली.

"ही चाकं इतकी मागं कशापायी?" तिने विचारलं.

"तशीच असतात, वहिनी."

"मी भारा घेते तो डोक्यावर मधोमध घेते. असा मागच्या टोकाला डोकं लावून घेतला तर माजं तोंड घराकडं नि भारा अजून शेतात. बांधाच्या वळनाला मी वळनारच नाय." तिने हाताने हवेत एक भारा धरला, डोकं त्याच्या मध्यावर आणलं आणि जागच्या जागी फिरली. अख्खी फिरली, मान फिरत नव्हतीच. "मधोमध असला की पुढचं टोक असं जातं, मागचं असं. पाय तिथंच."

हरिश्चंद्राचं तोंड उघडं राहिलं. खिशातून त्याने पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली.

आस पुढे सरकवला. मध्यापासून एक वीत मागे. दोर आवळले. लुईसने गॉगल लावला नाही.

ट्रॅक्टर वळला. चाकं जवळजवळ त्याच्याच मागून आली आणि चौथऱ्यापासून चार बोटांवरून निघून गेली. चौकटीचं मागचं टोक तेवढं बाहेरच्या बाजूला फेकलं गेलं, कठड्यावरून पुढे गेलं आणि विहिरीच्या तोंडावरून, अधांतरी, हळूच फिरून पुन्हा गल्लीत आलं. कपबश्या राहिल्या नाहीत.

"माज्या विहिरीवरून तुजं भात जानार म्हन की," लुईस म्हणाला.

"जाऊ देशील?" काशिनाथने विचारलं.

"वरून जाऊ दे. आतून जायला लागलं तर मी नाय म्हनेन."

शनिवारी गोखिवऱ्याला तिघं गेले, काशिनाथ, हरिश्चंद्र आणि अनसूया. तुळशीदास मिस्त्रीने चौदा फूट ऐकून मान डोलावली आणि चाकांची जागा ऐकून चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला.

"असा ट्रेलर नसतो. चाक मध्ये आलं की मागचं वजन दाबणार, पुढची दांडी उचलणार, ट्रॅक्टरची मागची चाकं हवेत. तुमचा लुईस हवेत."

"मागं वजन ठेवलं तर," अनसूया म्हणाली. "ओले, जड भारे पुढं. सुकलेले, हलके मागं. कुटलीही बाय असंच रचते, मिस्त्री. नाय रचलं तर मान मागं जाते."

मिस्त्रीने लोखंडाचा एक तुकडा घेतला, बोटावर तोलला, बोट सरकवलं, पुन्हा तोलला. त्याच्या कारखान्यात बाईमाणसाने येऊन बोलण्याची ही पहिलीच वेळ होती आणि तिला काय म्हणावं यासाठी त्याच्याकडे कुठलंच माप नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "करतो. पण ट्रेलरवर माझं नाव घालणार नाही. लोक हसतील."

"नको घालू," काशिनाथ म्हणाला.

कार्तिकी अमावास्येला उजाडायच्या आधी ट्रॅक्टर नाळेशी पोचला. ओहोटी अशी लागली होती की नाळेने आपलं सगळं आतलं बाहेर दाखवलं होतं. काळा चिखल, त्यावर खेकड्यांची अक्षरं, मधोमध दगडी उतार कोरडा ठणठणीत. एवढं पाणी जातं कुठे हे काशिनाथला लहानपणापासून कळलं नव्हतं आणि विचारायचं धाडसही झालं नव्हतं.

पलीकडे सात माणसं कामाला लागली. रचायला वर अनसूया. तिला कुणी भारा उचलू दिला नाही. ती फक्त बोट दाखवी आणि भारा त्या जागी जाई. जड पुढे, हलका मागे. पुढे दाब की मागे, हे ती ट्रेलरच्या फळीवर पाय टेकून ओळखी. नव्वद झाले, पंच्याण्णव झाले. सॅन्टन खालून आकडे ओरडत होता. अठ्ठ्याण्णवावा भारा वर गेला तेव्हा काशिनाथ मागे सरकून उभा राहिला. त्याचं शेत त्याने पेरलेलं पाहिलं होतं, लावलेलं पाहिलं होतं, कापलेलं पाहिलं होतं. पण सगळं शेत एकाच वेळी, एका जागी, उभं राहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं. ते घराएवढं होतं. त्याच्या घरापेक्षा जरा मोठंच.

"चल रे, पानी लागलं," लुईस ओरडला.

खरंच लागलं होतं. उताराच्या कडेला पाण्याची एक जीभ आली होती, दिसत नव्हती पण दगड ओले होत होते. ट्रॅक्टर उतरला. ट्रेलर मागून आला, कण्हत, डुलत, दांडी न उचलता. ट्रेलरचं चाक वर चढलं तेव्हा पाणी उतारावरून पसरलं होतं. काशिनाथने मागे वळून पाहिलं. पलीकडच्या शेतात फक्त धसकटं होती आणि दोन बगळे.

क्रुसाच्या वळणाला अर्धं गाव जमलं होतं. म्हातारी बेटी खुर्ची घेऊन आली होती. काशिनाथ चौथऱ्यापाशी पोटावर आडवा झाला, चाक दिसावं म्हणून. एमिलीने विहिरीपाशी सगळ्यांना मागे सारलं. अनसूया मात्र कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिला कुणी सरक म्हटलं नाही.

"चार बोटं," काशिनाथ खालून ओरडला. "तीन. तीन. थांब. ये. दोन."

दोन बोटांवर चाक चौथऱ्याशेजारून गेलं. आणि त्याच वेळी, त्याच्या डोक्यापलीकडे, त्या चौदा फुटांच्या भाताचं शेपूट गल्ली सोडून बाहेर निघालं. कठडा ओलांडला. विहिरीवर आलं. खाली जमीन नाही, पंचवीस हात खोल पाणी, आणि वर ओंब्यांचा डोंगर, चाकांशिवाय, आधाराशिवाय, इतक्या सावकाश फिरत होता की जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं. सावलीने विहिरीचं पाणी काळं झालं. भारे थरथरले. त्यांतून भात सुटलं आणि पाण्यावर पडू लागलं. अगदी बारीक आवाज, टिपटिप, टिपटिप, आणि गावात दुसरा आवाजच नव्हता. ट्रॅक्टरचा होता, पण तो कुणाला ऐकू आला नाही. सॅन्टनने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. एमिलीचा हात कपाळाशी गेला आणि तिथेच राहिला. काशिनाथ जमिनीवरून पाहत होता आणि त्याला वाटलं, हे जर पडलं तर आपण ओरडायचंसुद्धा विसरू.

शेपूट परत आलं. गल्लीत आलं. सरळ झालं. लुईसने ब्रेक मारला, खाली उतरला आणि रस्त्यावरच बसला.

मग जो तो एकदम बोलू लागला. बेटीने विचारलं, "आता कोन गेला?" हरिश्चंद्र कुणाला तरी आसाची जागा बोटांनी समजावत होता आणि सारखा "आमच्या वहिनीने" म्हणत होता. सॅन्टन म्हणत होता, आपण आठ जणांनी नेलं असतं तर याहून झोकात वळलं असतं. काशिनाथ उठला, पोटावरची धूळ झाडली, झाडायची तेवढी झाडून झाली तरी झाडत राहिला.

ट्रॅक्टर पुन्हा चालू झाला आणि घराकडे निघाला. दोनशे पावलं. ट्रेलरच्या मागून अनसूया चालत होती. शेताहून घरी ती आयुष्यात पहिल्यांदाच अशी येत होती आणि तिला ते धड जमत नव्हतं. पाय फार हलके पडत होते, मध्येच वाकडे जात होते. उजवा हात मात्र वर गेला होता, कानाच्या बाजूने, पंजा उघडा, डोक्यावरचं काहीतरी सावरत. डोक्यावर काही नव्हतं.

"अनसूबाय," लुईस ट्रॅक्टरवरून बाजूला वाकून, मागे बघत ओरडला, "हात कुनाला करतेस?"

तिने वर पाहिलं. आपला हात तिथे आहे हे तिला आत्ता कळलं. ती तो खाली घ्यायला गेली, पण हात आपल्याआप आणखी वर चढला, सबंध, कोपरासकट. डॉक्टरने उचलणार नाही म्हटलेला हात. काशिनाथ मागून येत होता तो तिथेच थांबला आणि बघत राहिला.

"तुलाच करते," ती म्हणाली. "पुढं बघून चालव."